व्यायामाचा नेम

परीक्षा जवळ आली म्हणजे अभ्यासाचा आणि सदरा पोटावर तंग होऊं लागला म्हणजे व्यायामाचा निश्चय करणारे लोक प्रत्येक गांवांत आढळतात. निश्चय खराच असतो. पहिल्या दिवशीं पहाटे चारला उठून मैलभर धांव होते, पन्नास बैठका होतात आणि रात्रींचें जेवण निम्म्यावर येतें. दुसऱ्या दिवशीं मांड्या भरून येतात, तिसऱ्या दिवशीं जिना चढवत नाहीं, आणि आठवडा संपण्यापूर्वींच सर्व कांहीं पूर्वपदावर येतें. यावरून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, आपल्या अंगीं निग्रहच नाहीं. ही समजूत बरोबर नाहीं. उणीव निग्रहाची नसून रीतीची असते. कोणता व्यायाम करावा, हें सांगणारे पुष्कळ भेटतात. तो खंड पडूं न देतां कसा चालवावा, हें सांगणारे थोडे. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या गोष्टीचा मुख्यत्वें विचार करावयाचा आहे.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगांव हे त्याचे पांच तालुके. सोयाबीन, कापूस आणि हळद पिकविणारा हा शेतकऱ्यांचा मुलूख आहे. तेव्हां कोणी असें म्हणेल कीं, शेतांत राबणाऱ्यास निराळ्या कसरतीचा उपदेश कशास हवा? जो खरोखर राबतो त्याच्यापुरतें हें म्हणणें रास्त आहे. ऐन उन्हांत हळदीचे कंद काढणाऱ्या मजुरास वजन घटविण्याचा उपदेश करणें ही थट्टाच होईल. परंतु आपल्या शाळेंत येणाऱ्या मुलांपैकीं आणि त्यांच्या पालकांपैकीं असे राबणारे आतां किती उरले आहेत, याचा ज्यानें त्यानें आपल्या घरापुरता विचार करावा.

मागील पिढीचा दिवस कसा जात असे तें आठवून पाहावें. पहाटे जात्यावर दळण; मग विहिरीवरून वा नदीवरून घागरीनें पाणी; बाजाराचा वार आला म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन दोन-तीन कोस चालणें; शाळा पलीकडच्या गांवीं असली तर पायींच जाणें-येणें. व्यायाम हा शब्द त्या घरांत उच्चारलाही जात नसे, तरी तो दिवसभर होत असे. आतां दळण गिरणीवर, पाणी नळावर, नांगरणी ट्रॅक्टरवर, आणि गल्लीच्या टोकाशीं असलेल्या दुकानांत जाणेंही मोटारसायकलवर. आजीच्या डोक्यावरची घागर उतरली हें वाईट झालें, असें कोणीही समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. मात्र श्रम उतरले तरी ताट पूर्वीचेंच राहिलें. किंबहुना त्यांत फरसाण, बिस्किटें आणि गोड पेयें यांची भर पडली. मुलांच्या वांट्यास तर वर्ग, शिकवणी आणि हातांतील मोबाइल अशी तिहेरी बैठक आली. आणि ही बैठक आखाड्यांतील बैठकेच्या अगदीं उलट जातीची आहे.

नुसतें बसून राहण्यानें काय होतें, याचा एक प्रसिद्ध दाखला लंडन शहरांतला आहे. तेथील डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनीं बसगाड्यांवर काम करणाऱ्या लोकांची पाहणी करून ती १९५३ सालीं प्रसिद्ध केली. त्या गाड्या दुमजली असत. चालक दिवसभर आसनावर बसलेला, आणि तिकिटें देणारा वाहक दिवसभर गाडीचा जिना चढत-उतरत असलेला. शहर एक, नोकरी एक. फरक काय तो हालचालीचा. वाहकांमध्यें हृदयविकार चालकांपेक्षां कमी आढळला, आणि ज्यांस तो झाला त्यांस उशिरा व सौम्य स्वरूपांत झाला. चालक मुळांतच जाड्या अंगाचे असतील, अशी शंका पुढें निघाली. पण नंतरच्या काळांत निरनिराळ्या देशांत व धंद्यांत झालेल्या पाहण्यांनीं मूळ गोष्ट खरी ठरविली. येथें ध्यानांत घेण्याजोगें असें कीं, ते वाहक कोणी पहिलवान नव्हते. ते जिना चढत होते, आणि रोज चढत होते, एवढेंच.

कोणी म्हणतील, ‘आम्ही कोठें लठ्ठ आहों? आमच्या अंगावर मांसच नाहीं.’ त्यांच्यासाठीं पुण्याचा एक दाखला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां संशोधकांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच मापें छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदीं सारखा, म्हणजे २२.३ होता. परंतु अंगांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. सारांश, आपल्याकडील माणूस वरून सडसडीत दिसला तरी त्याच्या अंगांत स्नायू कमी आणि चरबी अधिक असूं शकते. आणि ती बहुधा पोटाच्या आसपास सांठते. मधुमेहास हीच चरबी आमंत्रण देते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनें झालेल्या, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १० कोटी १० लक्ष माणसें मधुमेही आहेत. हा रोग केवळ शहरांतल्या श्रीमंतांचा राहिलेला नाहीं, हें आपल्या आप्तेष्टांकडे पाहूनही कळेल.

आपण कोठें आहोंत हें पाहण्याची रीत सोपी आहे. किलोमधील वजनास मीटरमधील उंचीनें दोनदां भागावें. जें येईल तो निर्देशांक. उदाहरणार्थ, १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ६८ किलो वजनाच्या गृहस्थाचा निर्देशांक सुमारें २५ येतो. भारतीय प्रौढांसाठीं २३ च्या वर अधिक वजन व २५ पासून पुढें लठ्ठपणा मानतात. याहूनही सोपें माप म्हणजे शिंप्याची फीत: पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरांच्या आणि स्त्रीच्या पोटाचा घेर ८० सेंटिमीटरांच्या पलीकडे गेला, तर सावध व्हावें. हीं मापें मोठ्या माणसांचीं आहेत. वाढत्या मुलांस तीं लावूं नयेत. त्यांच्यासाठीं वयाप्रमाणें निराळे तक्ते असतात आणि ते डॉक्टरांजवळ पाहावयास मिळतात.

आतां वजनाचा हिशेब पाहूं. अन्नापासून शरीरास मिळणारी शक्ति उष्मांकांनीं, म्हणजे व्यवहारांत ज्यांस कॅलरी म्हणतात त्यांनीं, मोजतात. अंगावरील एक किलो चरबीमध्यें सुमारें ७,७०० उष्मांक सांठलेले असतात. साठ-सत्तर किलो वजनाचा मनुष्य तासभर झपझप चालून साधारण पांच किलोमीटर गेला, तर त्याचे दोनशें ते अडीचशें उष्मांक खर्ची पडतात. उलट बाजूस, दिवसांतून चार कप चहा घेणारा मनुष्य प्रत्येक कपांत दोन चमचे साखर घालीत असेल, तर नुसत्या साखरेचेच सुमारें १६० उष्मांक झाले. पोहे खाण्याच्या मोठ्या चमच्यानें एक चमचा तेल अधिक पडलें कीं शंभरांहून अधिक उष्मांक वाढतात. याचा अर्थ असा कीं, संध्याकाळीं तासभर चालून येतां येतां हातगाडीवर दोन भजीं-पाव खाल्ले, तर चालण्याची सारी कमाई त्या गाडीवरच देऊन आल्यासारखें होतें. पूर्वीचे जाणते वस्ताद आपल्या गड्यांस हेंच सांगत. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला, तर पिळदार पहिलवानाचें पोट पाहतां पाहतां सुटतें.

म्हणून वजन घटविणाऱ्यानें दोन्ही बाजू थोड्या थोड्या हलवाव्या. रोजचें चालणें आणि रोजची साखर-तेलाची थोडी काटकसर मिळून जर दिवसास अडीचशें उष्मांकांचा फरक पडला, तर महिन्यांत साधारण एक किलो वजन उतरतें. पुढें पुढें हा वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराची गरजही कमी होते. एक किलो ऐकून पुष्कळांची निराशा होईल. जाहिरातींत पंधरा दिवसांत दहा किलो उतरविण्याचीं वचनें असतात. परंतु उपाशी राहून झटपट उतरविलेल्या वजनांत पाणी आणि स्नायू हींच पुष्कळ जातात, आणि जेवण पूर्ववत् होतांच गेलेलें सारें व्याजासह परत येतें. शिवाय व्यायामाचा लाभ केवळ तराजूवर दिसत नाहीं. वजन तसूभर हललें नाहीं तरी स्नायू रक्तांतील साखर अधिक चांगल्या रीतीनें वापरूं लागतात, हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त लोटूं लागतें, झोंप गाढ लागते, आणि उतारवयांत हाडें व तोल शाबूत राहतात. जो केवळ कांट्याकडे पाहून व्यायाम करतो, तो कांटा थांबला कीं थांबतो. तराजू आठवड्यांतून एकदांच पाहावा हें उत्तम.

व्यायामाचे प्रकार शिकण्यासाठीं आपणांस दूर जावयास नको. आपल्याच मराठवाड्यांतील जांब गांवीं १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं ठिकठिकाणीं मारुतीचीं मंदिरें स्थापिलीं, आणि गांवोगांव मारुतीच्या आश्रयानें तालमी वाढल्या. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरीं असलेले बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या पुन्हां नांवारूपास आणिली. आपल्या उत्तरेस असलेल्या वऱ्हाडांत, अमरावतीस, १९१४ सालीं अंबादासपंत वैद्य यांनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं त्या मंडळाच्या पथकानें तेथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. सातारा जिल्ह्यांतील औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार हें जणूं आपलें जीवितकार्य मानिलें. स्वतः नित्य नमस्कार घालून त्यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतही ते सुरू केले. (हें औंध आणि आपलें औंढा हीं भिन्न स्थळें होत.) सांघिक खेळांची गोष्टही अशीच आहे. बास्केटबॉल १८९१ सालीं आणि व्हॉलीबॉल १८९५ सालीं अमेरिकेंत वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेंत जन्मास आले. त्याच संस्थेचे हॅरी बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, आणि तेथें तयार झालेल्या शिक्षकांनीं हे खेळ आपल्या देशांतील शाळांच्या पटांगणांवर आणिले.

या सर्वांच्या पद्धति भिन्न, श्रद्धा भिन्न, काळही भिन्न. तथापि एका गोष्टींत ते सारे एक होते. त्यांनीं व्यायामास एक जागा दिली, एक वेळ दिली आणि सोबत दिली. मारुतीपुढील आखाडा, पहाटेची वेळ, आणि ‘आज कां आला नाहींस?’ म्हणून विचारणारा जोडीदार. किंवा शाळेचें पटांगण, सायंकाळची घंटा, आणि आपल्यावांचून अपुरा पडणारा संघ. जागा, वेळ आणि सोबत या तीन गोष्टी ज्यास लाभल्या त्यास निग्रहाची फारशी गरज पडत नाहीं. आपण घरच्या घरीं व्यायाम करूं पाहतों तेव्हां या तिन्ही गोष्टी सुटतात, आणि उरतो तो एकटा निग्रह. तो बिचारा चार दिवसांत थकतो.

लंडन विद्यापीठाच्या एका महाविद्यालयांत फिलिपा लॅली यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह संवयीविषयीं एक प्रयोग केला. तो २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ९६ लोकांनीं प्रत्येकीं एक लहानशी नवी गोष्ट निवडून, ती रोज ठराविक प्रसंगानंतर, जसें न्याहारी झाल्यावर, १२ आठवडे करावयाची होती. ती गोष्ट न आठवितां आपोआप हातून होऊं लागण्यास सरासरीनें ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणास सुमारें २५४ लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणीं पडली. व्यायामास अधिक दिवस लागले. आणखी एक गोष्ट दिसून आली, ती फार महत्त्वाची आहे: मध्येंच एखादा दिवस चुकला म्हणून संवय जडण्यांत विशेष बिघाड झाला नाहीं. म्हणजे ज्या दिवशीं व्यायाम चुकतो तो दिवस घातक नव्हे. ‘आतां मोडलाच आहे तर राहूं द्या’ असें म्हणून सोडलेला दुसरा दिवस घातक होय.

या बाबतींत आपल्या जिल्ह्यांतील लोकांस दुसरें उदाहरण शोधण्याची गरज नाहीं. हिंगोलीजवळील नर्सी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, आणि वारी ही येथल्या मुलांस तान्हेपणापासून ठाऊक असते. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वाट सुमारें २५० किलोमीटरांची. पालखी ती साधारण तीन आठवड्यांत चालते. म्हणजे दिवसाची सरासरी पडली बारा किलोमीटर. त्यांत साठी उलटलेले म्हातारे असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात. त्यांतील कोणी धांवपटू नाहीं, आणि एका दिवसांत पन्नास किलोमीटर तोडण्याची ईर्षाही कोणास नाहीं. निघण्याची तिथि ठरलेली, मुक्काम ठरलेले, दिंडी ठरलेली. पाऊस आला तरी पाऊल पुढें पडतें. याला ते ‘नेम’ म्हणतात. व्यायामासही हाच शब्द लावावा.

आतां प्रत्यक्ष आरंभ कसा करावा तें सांगतों. अधिक मास मध्यें नसेल तर आषाढी एकादशीपासून विजयादशमीपर्यंत साधारण तीन महिने, म्हणजे साडेबारा आठवडे होतात. शाळेचें वर्ष नुकतेंच सुरू झालेलें असतें, उन्हाळा सरलेला असतो, आणि हिंगोलीच्या प्रसिद्ध दसऱ्याची वाट सर्वच पाहत असतात. नेम लावण्यास हा काळ फार सोईचा. पालकांसाठीं क्रम असा ठेवावा:

पहिले दोन आठवडे रोज केवळ दहा मिनिटें चालावें. हें इतकें थोडें आहे कीं तें टाळण्यास सबब सांपडूं नये, आणि तोच त्याचा गुण होय. या काळांत शरीर कमवावयाचें नसून वेळ कमवावयाची आहे. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यांत वीस मिनिटें चालावें आणि आठवड्यांतून दोन दिवस दहा बैठका व, भिंतीस हात टेकून का होईनात, दहा जोर काढावे. पांचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत तीस मिनिटें चालावें. जोर-बैठकांची दुसरी पाळी जोडावी. नवव्यापासून पुढें चाळीस मिनिटें चालावें, किंवा तीसच मिनिटें परंतु अधिक झपाट्यानें. चाल पुरेशी आहे कीं नाहीं हें ओळखण्याची खूण अशी: चालतांना सोबत्याशीं बोलतां यावें, पण गातां येऊं नये. अभंग सुखानें म्हणतां येत असेल, तर पाऊल थोडें उचलावें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सूचनांप्रमाणें प्रौढ माणसानें आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंस बळ देणारी मेहनत करावी. वरील क्रमानें पांचव्या आठवड्यापासूनच आपण त्या मर्यादेंत येतों. पांच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींस मात्र रोज सरासरी ६० मिनिटें हालचाल हवी, आणि आठवड्यांतून तीन दिवस तरी हाडें व स्नायू बळकट करणारे श्रम हवेत. तेव्हां मुलांनीं चालण्याचा हिशेब करीत बसूं नये. हुतूतू, खोखो, लंगडी, दोरीवरील उड्या, लेझीम, व्हॉलीबॉल, जें आवडेल तें घाम येईतों खेळावें. सायकलीनें किंवा पायीं शाळेंत येणारा विद्यार्थी या साठांतील पुष्कळ मिनिटें घंटा होण्यापूर्वींच मिळवितो.

नेम टिकविण्यास पुढील चार गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, व्यायाम रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामास बांधून टाकावा. ‘सकाळीं चालेन’ असें म्हणूं नये; ‘दांत घासून झाले कीं वहाणा पायांत घालीन’ असें म्हणावें. दुसरी, एक सोबती ठरवावा. शेजारी, भाऊ, सासू-सून, कोणीही चालेल. जो दाराशीं येऊन उभा राहतो त्याला नाहीं म्हणणें कठीण जातें. तिसरी, भिंतीवरील दिनदर्शिकेंत व्यायाम झालेल्या दिवशीं खूण करावी. खुणांची ओळ लांबत गेली म्हणजे ती तोडावीशी वाटत नाहीं. चौथी, अडचणीचा तोडगा आधींच योजून ठेवावा. श्रावणांत झड लागली तर ओसरीवर बारा सूर्यनमस्कार. पाहुणे आले तर निदान दहा मिनिटें. आजारपण आलें तर पूर्ण विश्रांति, आणि बरें वाटतांच पुन्हां पहिल्या आठवड्याच्या मापानें आरंभ. आपल्याकडे वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत सूर्य वर येण्यापूर्वींच व्यायाम उरकावा आणि पाणी भरपूर प्यावें.

येथें मुली आणि त्यांच्या माता यांच्याविषयीं दोन शब्द निराळे लिहिणें अवश्य आहे. मुलगी मोठी झाली कीं पटांगणावर तिचें येणें बंद होतें, आणि घरकामांतच तिचा व्यायाम होतो असें मानलें जातें. घरकामानें थकवा खास येतो. पण पूर्वीचें जातें, उखळ आणि घागर गेल्यावर उरलेल्या कामांत श्वास फुलण्याजोगे श्रम थोडेच राहिले आहेत. मुलींचीं हाडें याच वयांत भरतात, आणि त्यांचें पुढील सारें आयुष्य त्या भांडवलावर चालावयाचें असतें. आईस तर स्वतःसाठीं अर्धा तास मागण्याचाही संकोच वाटतो. तो तिनें मागण्याची वाट न पाहतां घरच्यांनीं द्यावा. मुलानें ताटें-वाट्या घासाव्या, वडिलांनीं भाजी निवडावी, आणि तेवढ्या वेळांत मायलेकींनीं चालून यावें. त्यांत ताटें घासणाऱ्याचीही थोडी हालचाल होईल, हा वरचा लाभ.

पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. जाड मुलास चारचौघांत ‘लठ्ठू’ म्हणून हांक मारल्यानें तो बारीक होत नाहीं. तो पटांगणापासून दूर पळतो. त्याचें जेवण तोडूं नये, कारण तें वाढीचें वय आहे. भाकरी, वरण, पालेभाजी, दूध, अंडें, फळ हें त्यास पोटभर मिळावें. कमी करावयाचें तें पाकिटांतील खारें-गोड आणि मोबाइलपुढील तास. उपदेशापेक्षां वडिलांनीं त्याच्याबरोबर चेंडू फेंकणें अधिक गुणकारी ठरतें, आणि वडिलांचेंही पोट त्यानें उतरूं लागतें.

सावधगिरीच्या सूचना थोड्या आहेत, पण त्या टाळूं नयेत. ज्यांस हृदयविकार, रक्तदाब, दमा किंवा सांध्यांचें दुखणें आहे, जे मधुमेहावर गोळ्या वा इन्सुलिन घेतात, किंवा ज्या गर्भवती आहेत, त्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेह्यानें खिशांत साखरेच्या चार पुड्या ठेवाव्या. छातींत दाब, चक्कर किंवा विलक्षण धाप जाणवली तर तत्क्षणीं थांबून दवाखाना गांठावा. भरल्या पोटीं जोर-बैठका काढूं नयेत. नवख्यास दुसऱ्या दिवशीं स्नायू दुखतात. तें दुखणें दोन-तीन दिवसांत ओसरतें, त्यास भिऊं नये. पण सांध्यांत कळ येत असेल तर ती निराळी गोष्ट समजावी. सडकेनें चालतांना वाहनांकडे तोंड ठेवून उजव्या कडेनें चालावें, आणि पहाटे अंधारांत पांढरे कपडे घालावे.

वरील सर्व गोष्टींस पैसा लागत नाहीं. वहाणा, थोडी मोकळी जागा आणि दिवसांतील अर्धा तास पुरतो. सातारा जिल्ह्यांतील गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले होते. ते घरीं येऊन पुन्हां मातींत उतरले, आणि चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकी येथें त्यांनीं स्वतंत्र भारतास वैयक्तिक स्पर्धेंतील पहिलें पदक मिळवून दिलें. त्या दोन सालांच्या मधल्या चार वर्षांतील साध्या सकाळींचें वर्णन कोणत्याही वर्तमानपत्रानें छापलें नाहीं. पदक मात्र त्या सकाळींनींच मिळविलें. आपणांस हेलसिंकीस जावयाचें नाहीं. साठाव्या वर्षीं औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाभोंवतीं, किंवा आपल्याच शेताच्या बांधावरून, कोणाचा हात न धरतां चालतां यावें, नातवास उचलून खांद्यावर घेतां यावें, इतकेंच आपलें मागणें आहे. त्याची तयारी साठाव्या वर्षीं सुरू करून भागत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचून झाल्यावर घरांतील मोठ्यांस तो वाचून दाखवा, आणि उद्यां सकाळीं दांत घासून होतांच त्यांच्या वहाणा दाराशीं मांडून ठेवा. पहिलीं दहा मिनिटें तुम्हीही त्यांच्याबरोबर चाला.